नाबोथाला दिलेली मानाची जागा



नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आपण सर्वांनी शब्बाथ शाळेत किंवा धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेली आहे. पहिल्या राजे या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात ती येते. अहाब राजाला आपल्या राजवाड्यालगतचा मळा भाजीपाला लावण्यासाठी हवा होता. त्याने घातलेली मागणी वरवर पाहता अन्यायाची वाटत नाही. याहून चांगला मळा देतो, अथवा रोख मोल देतो, असे तो म्हणाला. नाबोथाने नकार दिला. वाडवडिलांचे वतन ही विकण्याची वस्तू नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. पुढे काय घडले ते आपणांस ठाऊकच आहे.

परंतु या कथेतील एका तपशिलाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ईजबेलने नाबोथाला रानात एकटे गाठून मारविले नाही. तिने राजाच्या मुद्रेची पत्रे धाडली, उपासाचा दिवस जाहीर करविला, गावची सभा भरविली आणि त्या सभेत नाबोथाला लोकांसमोर मानाच्या जागी बसवावे अशी आज्ञा केली. सभा रीतसर होती. वडीलमंडळी हजर होती. नियमाप्रमाणे साक्षीदार दोन होते. त्या सभेत नाबोथाने उच्चारलेला एकही शब्द मात्र शास्त्रात नोंदलेला नाही. त्याला बसायला जागा मिळाली होती; त्याच्या नकाराला तेथे जागा नव्हती.

सभेत जागा मिळणे आणि सभेत ऐकले जाणे यांत अंतर किती, आणि दुसऱ्याच्या हिताविषयी त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार आपणांस कोठून प्राप्त होतो, हे दोन प्रश्न या लेखात मी आपल्यापुढे ठेवू इच्छितो. त्यांचा विचार एका विशिष्ट संदर्भात करावयाचा आहे. जगातील आदिवासी लोक गेल्या शतकात आपली गाऱ्हाणी घेऊन राष्ट्राराष्ट्रांच्या दरबारात जाऊ लागले. तेथे त्यांना काय मिळाले, काय मिळाले नाही, आणि त्यातून ख्रिस्ती माणसाने काय शिकावे, हा आपला विषय आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ साली केलेल्या अंदाजानुसार जगात आदिवासींची संख्या ४७ कोटींहून अधिक आहे. आपल्या देशात २०११ च्या जनगणनेप्रमाणे अनुसूचित जमातींची लोकसंख्या १० कोटींच्या वर, म्हणजे शेकडा ८.६ होती. यांत आपल्याच प्रार्थनामंदिरांत आपल्या शेजारी बसणारे लाखो बंधुभगिनी आहेत. म्हणून हा प्रश्न दूरचा मानून चालणार नाही.

बंद दरवाजा

इ. स. १९२३ मध्ये डेस्काहे नावाचे एक प्रमुख कॅनडातून निघून जिनीव्हाला पोहोचले. ते कायुगा जमातीचे असून ज्याला सहा राष्ट्रांचा संघ म्हणतात त्या हॉडेनोशोनी लोकांचे प्रवक्ते होते. पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेला राष्ट्रसंघ लहान राष्ट्रांना न्याय देईल अशी तेव्हा सर्वत्र आशा होती. आपल्या लोकांशी ब्रिटिश राजसत्तेने बरोबरीच्या नात्याने करार केले होते. ते मोडून कॅनडाचे सरकार आमच्या कारभारात ढवळाढवळ करीत आहे, एवढीच डेस्काहे यांची तक्रार होती. आयर्लंड, इराण, पनामा आणि एस्टोनिया या चार देशांनी त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे अशी विनंतीही केली. परंतु हा ब्रिटिश साम्राज्याचा घरगुती प्रश्न आहे, अशी भूमिका घेऊन ब्रिटनने तो विषय पुढे येऊ दिला नाही. डेस्काहे वर्षाहून अधिक काळ जिनीव्हात थांबले. राष्ट्रसंघाने दार उघडले नाही. ते तिकडे असतानाच, १९२४ च्या ऑक्टोबरात, कॅनडाच्या सरकारने त्यांच्या लोकांची परंपरागत सभा बरखास्त करून तिच्या जागी सरकारी नियमांनुसार निवडलेले मंडळ बसविले. १९२५ च्या जूनमध्ये डेस्काहे निवर्तले. मृत्यूसमयी ते आपल्या गावीही नव्हते.

त्याच सुमारास न्यूझीलंडमधून माओरींचे धर्मपुढारी टी. डब्ल्यू. रताना निघाले. येशूच्या नावाने प्रार्थना करून रोग्यांना बरे करणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती आणि त्यांच्या भोवती पुढे एक स्वतंत्र मंडळीच उभी राहिली. १८४० साली वायतांगी येथे इंग्लंडच्या राणीच्या वतीने माओरी प्रमुखांशी जो करार झाला होता त्याची आठवण करून देण्यासाठी ते १९२४ साली लंडनला गेले. राजाची भेट मिळाली नाही. मग ते जिनीव्हाकडे वळले. तेथेही दार बंद. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, कराराच्या दुसऱ्या बाजूला ख्रिस्ती म्हणविणारे राज्य होते आणि गाऱ्हाणे घेऊन आलेला मनुष्यही ख्रिस्ती होता. एकच प्रार्थना म्हणणाऱ्या दोघांपैकी एकाला दुसऱ्याच्या दाराबाहेर उभे राहावे लागले.

आपल्यावाचून आपल्याविषयी

दरवाजा बंद असला म्हणून आतमध्ये आदिवासींविषयी कोणी बोलत नव्हते असे नाही. उलट, फार बोलले जात होते. ही रीत जुनी आहे. १५५० आणि १५५१ साली स्पेनमधील वायादोलिद या नगरात एक प्रसिद्ध वादसभा झाली. अमेरिकेतील मूळच्या लोकांवर युद्ध लादून त्यांना अंकित करणे न्याय्य आहे काय, हा प्रश्न होता. सेपुल्वेदा नावाच्या पंडिताने होकारार्थी बाजू मांडली. बार्तोलोमे दे लास कासास या डॉमिनिकन धर्मगुरूने आणि बिशपाने त्या लोकांच्या मनुष्यत्वाचा कैवार घेतला. लास कासास यांचे ऋण मानवजातीने मानलेच पाहिजे. तथापि बाजू मांडणारे दोघेही स्पॅनिश, आणि निवाडा करावयास बसलेले पंडितही राजाच्याच दरबाराचे. ज्यांच्या जगण्यामरण्याचा तो खल होता त्यांच्यापैकी कोणाला वादी म्हणून तेथे उभे केलेले नव्हते.

चारशे वर्षांनी फारसा फरक पडला नव्हता. १९५७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आदिवासींसंबंधी पहिला व्यापक करार केला. करार क्रमांक १०७ म्हणून तो ओळखला जातो आणि भारताने १९५८ मध्ये त्याला मान्यता दिली. जमिनीवरील हक्कासारख्या काही चांगल्या तरतुदी त्यात होत्या. परंतु त्याच्या मुळाशी अशी समजूत होती की आदिवासी हे मागे राहिलेले लोक असून त्यांना क्रमाक्रमाने मुख्य समाजात विरघळवून घेणे म्हणजेच त्यांचे कल्याण. सरकारे, मालक आणि कामगार अशा तीनच घटकांना त्या संघटनेत मत असते. आदिवासींना स्वतःचे आसन नाही. ज्याला विरघळावयाचे आहे त्याची इच्छा काय आहे, हे विचारण्याची तेथे सोयच नव्हती.

आपल्या देशात हा प्रश्न त्याआधी एका ख्रिस्ती आदिवासीने भर सभेत उपस्थित केला होता, ही आपणांस अभिमानाची गोष्ट वाटावी. जयपालसिंग मुंडा हे छोटानागपुरातील मुंडा जमातीचे; ऑक्सफर्डमध्ये शिकलेले आणि १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय हॉकी संघाचे कर्णधार. १९४६ च्या डिसेंबरात घटना समितीत बोलताना त्यांनी ‘जंगली’ हे नाव स्वतःला अभिमानाने लावून घेतले आणि सभासदांना बजावले की, आदिवासींना लोकशाही शिकविण्याची गरज नाही; लोकशाही त्यांच्याकडूनच शिकावी. ‘आदिवासी’ हा शब्द घटनेत यावा यासाठीही ते झगडले. शेवटी घटनेत ‘अनुसूचित जमाती’ हा शब्द आला. म्हणजे ओळख सांगणाऱ्या नावाऐवजी यादीत दाखल केल्याची खूण आली.

दार कसे उघडले

वाचकहो, हे दार कोणा एका दयाळू राजाने उघडलेले नाही. १९७७ च्या सप्टेंबरात अमेरिका खंडांतील अनेक जमातींचे प्रतिनिधी आपापल्या पोशाखात, मिरवणुकीने, जिनीव्हातील संयुक्त राष्ट्रसंघाच्या प्रासादात शिरले. डेस्काहे ज्या नगरातून रिकाम्या हाताने परतले होते तेच हे नगर. त्यानंतर पाच वर्षांनी, १९८२ मध्ये, आदिवासींच्या प्रश्नांवर संयुक्त राष्ट्रसंघाने एक कार्यगट नेमला. ९ ऑगस्ट हा दिवस आज जगभर आदिवासी दिन म्हणून पाळला जातो, तो याच कार्यगटाच्या पहिल्या बैठकीची आठवण म्हणून.

या कार्यगटाने एक साधा नियम स्वीकारला आणि माझ्या मते त्याचे नैतिक मोल फार मोठे आहे. संयुक्त राष्ट्रसंघात बोलावयाचे तर एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेचे ओळखपत्र लागते. या गटाने ती अट सैल केली. जो आदिवासी आपल्या लोकांविषयी बोलावयास आला आहे त्याला बोलू द्यावे, मग त्याच्या संस्थेची नोंद असो वा नसो. ग्रीसच्या एरिका-इरीन दाएस या विदुषी १९८४ पासून २००१ पर्यंत गटाच्या अध्यक्षा होत्या. त्यांच्या कारकीर्दीत दर वर्षी शेकडो लोक येऊ लागले. ज्यांना प्रवासखर्च झेपत नाही त्यांच्यासाठी १९८५ मध्ये एक ऐच्छिक निधी उभारण्यात आला. आपल्या देशातूनही रांचीचे डॉ. रामदयाल मुंडा यांच्यासारखे विद्वान तेथे जाऊन बोलले.

या गटात एक जाहीरनामा आकार घेऊ लागला. त्याचा प्रवास मुद्दाम सांगतो. १९८२ च्या कार्यगटाच्या नावात आदिवासी ‘लोकसंख्या’ असा शब्द होता. १९९३ साली साजऱ्या झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्षाच्या नावात त्यांना नुसते ‘लोक’ म्हटले गेले. आदिवासींचा आग्रह असा होता की आम्ही स्वतंत्र ‘लोकसमाज’ आहोत आणि ते अनेकवचनात लिहिले जावे. एवढ्याशा शब्दासाठी वर्षानुवर्षे वाद चालला, कारण लोकसंख्येची केवळ मोजदाद होते. लोकसमाजाला मात्र स्वतःविषयी निर्णय घेण्याचा हक्क असतो. सरकारांना भीती होती ती नेमकी याच हक्काची. अखेर १३ सप्टेंबर २००७ रोजी आमसभेने ४६ कलमांचा जाहीरनामा संमत केला. बाजूने १४४ मते पडली, विरोधी ४, तटस्थ ११. विरोधात मत देणारी चार राष्ट्रे होती अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. डेस्काहे आणि रताना यांच्या जन्मभूमीचे देश या चारांत होते, हे आपल्या ध्यानी आलेच असेल. पुढे २००९ आणि २०१० या दोन वर्षांत चौघांनीही आपली भूमिका बदलून जाहीरनाम्याला पाठिंबा दिला.

दरम्यान २००० साली आदिवासी प्रश्नांवरील एका स्थायी मंचाची स्थापना झाली आणि २००२ मध्ये न्यूयॉर्क येथे त्याची पहिली बैठक भरली. त्याचे सभासद १६. त्यांपैकी आठांची नावे सरकारे सुचवितात आणि आठांची आदिवासी संघटना. राष्ट्रांच्या त्या प्रासादात निम्म्या खुर्च्या आदिवासींनी सुचविलेल्या माणसांच्या असाव्यात, ही गोष्ट डेस्काहे यांना स्वप्नवत् वाटली असती.

खुर्चीची मर्यादा

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग तर न्याय झाला. परंतु येथेच नाबोथाची आठवण ठेवावयाची आहे.

तो जाहीरनामा कोणत्याही सरकारवर कायद्याने बंधनकारक नाही. स्थायी मंच शिफारस करू शकतो, आज्ञा करू शकत नाही. आमसभेत मत आहे ते राष्ट्रांना. बोलणाऱ्याला मिळतात ती मोजकी मिनिटे, आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या अधिकृत भाषा सहा. मुंडारी, भिली वा गोंडी बोलणाऱ्याला आपले दुःख प्रथम परक्या भाषेत उतरवावे लागते. घरी परतल्यावर काय होईल याचीही शाश्वती नसते. फिलिपाईन्सच्या व्हिक्टोरिया ताउली-कॉर्पुझ या स्वतः आदिवासी असून २०१४ पासून २०२० पर्यंत आदिवासींच्या हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रसंघाच्या विशेष प्रतिवेदक होत्या. त्या पदावर असतानाच, २०१८ साली, त्यांच्याच देशाच्या सरकारने न्यायालयाला सादर केलेल्या दहशतवाद्यांच्या यादीत त्यांचे नाव घातले. न्यायालयाने पुढे ते वगळले. जगाच्या व्यासपीठावर मिळालेला मान आपल्या अंगणात ढाल होईलच असे नाही.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण पाहा. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणासाठी जागतिक बँकेने १९८५ साली ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे महाराष्ट्रातील पहिले बुडणारे गाव. या राज्यातील ३३ गावे धरणाच्या पाण्याखाली येणार होती आणि तेथील रहिवासी मुख्यतः भिल्ल, पावरा, तडवी असे आदिवासी होते. आदिवासींचे काय होते याविषयी जागतिक बँकेने १९८२ मध्येच स्वतःचे धोरण ठरविले होते. भारताने करार क्रमांक १०७ मान्य केलेला होता. असे असूनही लोकांना कोणी विचारले नव्हते. आंदोलन वाढले, परदेशांत आवाज उठला, तेव्हा बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र चौकशी नेमली. जून १९९२ मधील त्या अहवालाने बँकेलाच दोषी धरले. पुनर्वसन नीट झाले नाही आणि बाधितांशी विचारविनिमय झाला नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. मार्च १९९३ च्या अखेरीस भारत सरकारने उरलेले कर्ज नाकारले आणि बँक बाजूला झाली.

पण धरण थांबले नाही. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने बांधकामाला अनुमती दिली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये पूर्ण उंचीचे धरण राष्ट्राला अर्पण झाले. मणिबेलीच्या लोकांचे म्हणणे अर्ध्या जगाने ऐकले, तरी पाणी चढलेच.

मग तो सारा खटाटोप व्यर्थ होता काय? मला तसे म्हणवत नाही. त्याच वर्षी, सप्टेंबर १९९३ मध्ये, जागतिक बँकेने एक तपासणी मंडळ स्थापन केले. बँकेच्या कर्जाने होणाऱ्या प्रकल्पामुळे ज्यांचे नुकसान होते असे कोणत्याही देशातील लोक थेट त्या मंडळाकडे दाद मागू शकतात. सरकारच्या परवानगीची गरज नाही. पहिली तक्रार नेपाळमधील अरुण-तीन या जलविद्युत् प्रकल्पाविषयी आली आणि १९९५ साली बँकेने त्या प्रकल्पातून माघार घेतली. नर्मदाकाठच्या लोकांनी सोसले; त्यांच्या सोसण्याने उघडलेल्या दारातून दुसऱ्या देशातील लोक आत गेले. हे समाधान पुरेसे आहे असे बुडालेल्या गावाला सांगण्याचे धाडस मी करणार नाही. पण ते खरे आहे.

दोन आक्षेप

या मंचांविषयी दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. त्यांचा विचार केल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पहिला आक्षेप आपल्याच शासनाचा आहे. भारताने २००७ च्या जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिले. परंतु त्याच वेळी असे सांगितले की स्वातंत्र्याच्या वेळी या देशात असलेली समस्त प्रजा आणि तिचे वंशज हे सर्वच येथील मूळचे रहिवासी होत. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. आपल्या देशात लोकांची ये-जा आणि सरमिसळ हजारो वर्षे झालेली आहे. येथे कोण आधी आला हे अमेरिकेसारखे एका तारखेने ठरविता येत नाही. परंतु प्रश्न आधी कोण आला एवढाच आहे काय? ज्यांचे जंगल, भाषा आणि रीतिरिवाज दुसऱ्यांच्या निर्णयाने नाहीसे होत आहेत, त्यांना त्या निर्णयात सहभाग असावा की नाही, हा खरा प्रश्न आहे. सगळेच मूळचे आहेत असे म्हटल्याने बुडणाऱ्या गावाचे पाणी उतरत नाही.

दुसरा आक्षेप असा की, जिनीव्हाला वा न्यूयॉर्कला जाणारे हे शिकलेले, इंग्रजी जाणणारे. ते खऱ्या आदिवासींचे प्रतिनिधी कसे? हा धोका वास्तविक आहे. विमानाने जाणारा माणूस गावापासून तुटू शकतो, आणि त्याने परतून आपल्या लोकांना हिशेब दिला पाहिजे. पण हाच प्रश्न आपण इतरांना विचारतो काय? त्या सभागृहात बसलेला राजदूत तरी कोणत्या गावाला विचारून बोलतो? दुर्बलाच्या प्रतिनिधीकडून पूर्ण शुद्धतेची अपेक्षा ठेवावी आणि बलवानाचा प्रतिनिधी पदामुळेच प्रमाण मानावा, हा न्याय नव्हे.

या आक्षेपातून एक चांगला धडा मात्र निघतो. दूरच्या मोठ्या सभेला अर्थ येतो तो गावच्या लहान सभेमुळे. ओडिशातील नियमगिरी डोंगराचे उदाहरण घ्या. तेथील डोंगरिया कोंध लोकांच्या पवित्र डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हावयाची होती. त्यांच्या वतीने ब्रिटनमध्ये तक्रार झाली आणि कंपनीने या लोकांशी पुरेसा विचारविनिमय केला नाही असा निष्कर्ष तेथील शासकीय यंत्रणेने २००९ मध्ये काढला. २०१० च्या फेब्रुवारीत चर्च ऑफ इंग्लंडने वेदांत कंपनीतील आपले समभाग विकून टाकले. हे सारे उपयोगी पडले. परंतु शेवटचा शब्द परदेशी मित्रांचा नव्हता. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवावयास सांगितले आणि त्या वर्षीच्या पावसाळ्यात बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. येथे नाबोथाने सभेत तोंड उघडले आणि सभेने त्याचे ऐकले.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाचीही आठवण होते. तेथे गावाचे निर्णय बहुमताने न होता सर्वांच्या संमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर बोलणे पुढे चालू राहते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत ते गणले जाते. लोकशाही आदिवासींकडूनच शिकावी हे जयपालसिंगांचे बोल अलंकारिक नव्हते, हे अशा गावात गेल्यावर पटते.

विचारणे आणि संमती घेणे

या सर्व विवेचनातून नैतिक प्रश्नाचा गाभा हाती येतो. आपल्या १९९६ च्या पेसा कायद्यात म्हटले आहे की, अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी सल्लामसलत करावी. २००७ चा जाहीरनामा पुढचे पाऊल टाकतो. दडपणाशिवाय, आगाऊ आणि पूर्ण माहितीनंतर दिलेली संमती मिळविण्याच्या हेतूने सल्लामसलत करावी, असे तो सांगतो. दोहोंत फरक आहे. ज्याला सल्ला विचारला त्याचे न ऐकताही पुढे जाता येते. ज्याची संमती मागितली त्याने ती नाकारली तर थांबावे लागते. ज्याच्या होकाराचे स्वागत होते पण ज्याचा नकार मोजला जात नाही, त्याला आपण सहभागी म्हणतो. वस्तुतः तो प्रेक्षक असतो.

अहाबाने नाबोथाला विचारले होते, हे विसरू नये. त्याने मोबदलाही देऊ केला होता. त्याचे पाप विचारण्यात नव्हते. ‘नाही’ हे उत्तर असू शकते हे त्याला मान्य नव्हते. तो रुसून अंथरुणावर पडला, जेवला नाही, आणि पुढचे काम इतरांनी त्याच्या मुद्रेने केले. एलीया संदेष्टा आला, पण तो नाबोथाच्या मृत्यूनंतर. दुसऱ्याच्या वतीने उठविलेला आवाज कितीही सत्य असला तरी बहुधा उशिराच पोहोचतो. म्हणून ज्याचा मळा आहे त्याचाच शब्द वेळेवर ऐकला जाणे अगत्याचे.

आणि आपण?

आता हा प्रश्न आपल्या घराकडे वळविला पाहिजे, कारण या इतिहासात ख्रिस्तसभा केवळ साक्षीदार नाही. १४९३ साली पोप सहावे अलेक्झांडर यांनी काढलेल्या फर्मानांचा आधार घेऊन ख्रिस्ती राज्यांनी नव्याने ‘शोधलेल्या’ भूमीवर मालकी सांगितली. जे लोक तेथे पूर्वीपासून नांदत होते त्यांना ही गोष्ट विचारण्यात आली नाही. या ‘शोधाच्या सिद्धान्ता’चा जागतिक चर्च परिषदेने फेब्रुवारी २०१२ मध्ये निषेध केला, त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या स्थायी मंचाने आपल्या बैठकीचा मुख्य विषय म्हणून तो घेतला. ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकननेही तो सिद्धान्त आपला नसल्याचे सांगून त्याचा त्याग केला. पाच शतकांनंतरचा हा शब्द. तो कोणी बोलावयास लावला? मुख्यतः त्या त्या देशांतील आदिवासी ख्रिस्ती लोकांनी, वारंवार उभे राहून.

आपल्या मिशनांनी डहाणू-तलासरीपासून नंदुरबारपर्यंत, आणि महाराष्ट्राबाहेर छोटानागपूर व ईशान्य भारतात, शाळा, दवाखाने आणि वसतिगृहे उभारली. आदिवासी भाषांना लिपी व शब्दकोश देण्यात मिशनऱ्यांचा वाटा मोठा आहे. ही सेवा खरी आहे. पण सेवा करणाऱ्याला एक मोह असतो : आपण यांचे हित जाणतो, तेव्हा यांच्या वतीने आपणच बोलावे. १९७१ साली बार्बाडोस येथे जागतिक चर्च परिषदेच्या साहाय्याने मानववंशशास्त्रज्ञांची एक सभा भरली. तिने मिशनकार्यावर अतिशय कठोर टीका केली आणि आदिवासींची मुक्ती आदिवासींच्याच हातून व्हावी असे घोषित केले. गंमत अशी की, ही घोषणा करणारेही आदिवासी नव्हते. १९७७ च्या दुसऱ्या बार्बाडोस सभेत आदिवासी प्रतिनिधी येऊन बसले, तेव्हा कोठे ती उणीव भरून निघाली. टीकाकारालाही तोच मोह होतो जो सेवकाला होतो.

म्हणून वाचकहो, काही प्रश्न आपण आपल्याच मंडळीत विचारू या. आपल्या संस्थांच्या विश्वस्त मंडळांवर, धर्मप्रांतीय समित्यांवर आणि मिशनच्या कार्यकारिणींवर आदिवासी बंधुभगिनी किती आहेत? जे आहेत ते गीत गाण्यासाठी आणि नृत्य सादर करण्यासाठी बोलावलेले आहेत, की अंदाजपत्रकावर मत देण्यासाठी? सभा त्यांना समजेल अशा भाषेत चालते काय? आणि सर्वांत अवघड प्रश्न : त्यांनी आपल्या एखाद्या चांगल्या योजनेला, एखाद्या वसतिगृहाला वा एखाद्या इमारतीला ‘नको’ म्हटले, तर आपण ती योजना खरोखर बाजूस ठेवतो काय, की त्यांची समजूत काढण्यासाठी आणखी एक सभा बोलावतो?

यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय ओरडत होता तेव्हा लोकांनी त्याला गप्प बसविण्याचा प्रयत्न केला. प्रभू येशू थांबला. त्या माणसाला काय हवे आहे हे उघड होते. तरीही प्रभूने ते त्यालाच विचारले आणि त्याच्या मुखातून उत्तर येईपर्यंत वाट पाहिली. सर्व काही जाणणाऱ्याने जर विचारले, तर थोडेसे जाणणाऱ्या आपण किती विचारावयास हवे!

राष्ट्रांच्या मोठ्या दरबारांतील उणिवा दूर करणे तुमच्या-माझ्या हाती नाही. आपल्या लहान सभांतील उणिवा मात्र आहेत. पुढच्या बैठकीची विषयपत्रिका छापण्यापूर्वी ज्यांच्याविषयी तीत विषय आहेत त्यांच्याकडे ती पाठवावी, त्यांनी खोडलेला विषय खोडलेलाच राहू द्यावा, आणि त्यांनी सुचविलेला विषय पहिल्या क्रमांकावर घ्यावा. इतके एक वर्षभर करून पाहावे, अशी माझी आपणांस नम्र विनंती आहे.